बोलतं लेकरू गप्प झालं, तर झोपेतला ईईजी मागा

पाच वर्षांचं लेकरू. कालपर्यंत गाणी म्हणत होतं, दुकानातून साखर आणत होतं. आता हाक मारली तर वळत नाही, ‘पाणी आण’ म्हटलं तर नुसतं तोंडाकडे बघतं. हळूहळू त्याचं स्वतःचं बोलणंही आटतं. अशा वेळी वस्तीत आपण काय म्हणतो? हट्टी झालंय, बहिरं झालंय. कुणी नजर लागली म्हणून अंगारा लावतं, अगदी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही.

कान तपासावेत, पण ते ठीक निघाले म्हणून घरी परतू नये. लँडाउ-क्लेफनर या आजारात दोष कानात नसतो, ऐकलेल्या शब्दाचा अर्थ लावणाऱ्या मेंदूत असतो. १९५७ साली या दोघांनी तो प्रथम मांडला. आजार दुर्मिळ आहे, बहुधा तीन ते आठ वर्षांच्या वयात सुरू होतो. मेंदूत फिटसारख्या लहरी उठत राहतात, झोपेत फार जास्त. पुष्कळ मुलांना झटके येतात, काहींना कधीच येत नाहीत. जागेपणीचा ईईजी साधा निघू शकतो. म्हणून आमचा आग्रह आहे, झोपेतला ईईजी मागून घ्या. मागायला लाजू नका.

उपचार आहेत. फिटची औषधं देतात, पण फिटची प्रत्येक गोळी इथे चालत नाही. कार्बामाझेपिनने काही मुलांचं जास्त बिघडतं. शेजारच्याची गोळी तर नकोच. अनेकदा स्टिरॉईड काही महिने द्यावं लागतं. भूक वाढते, चेहरा सुजतो, घरचे घाबरून औषध बंद करतात. ते एकदम बंद करणं धोक्याचं आहे.

झटके मोठेपणी बहुधा थांबतात, भाषा मात्र सगळ्यांची पूर्ण परतत नाही. तोवर मुलाला मुकं ठेवायचं का? चित्रं, खुणांची भाषा, लिहिलेला शब्द, डोळ्यांची वाट मोकळी असते. खुणा शिकवल्या तर बोलणंच विसरेल, ही आयांची भीती आम्हाला समजते, पण ती खरी नाही.

अंगणवाडीत किंवा शाळेत बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना दाखवा. ते जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतात. कायमचा दोष राहिलाच, तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात वाचा व भाषा दोषाची नोंद आहे, दाखला मागता येतो. आणि डॉक्टरकडे जाताना मोबाईलमधला जुना व्हिडिओ न्या, लेकरू बोलत होतं तेव्हाचा. एक आजचाही काढा.