नाताळच्या डुबकीची तयारी सप्टेंबरात



डिसेंबर आला की आपल्या वर्गात चहाच्या वेळी एक बेत हमखास शिजतो: एक जानेवारीला सगळ्यांनी ब्रायटनला जाऊन समुद्रात डुबकी मारायची! थंड पाण्याला माझा विरोध नाही. पण ज्याला सवय नाही त्याने पहिली डुबकी भर हिवाळ्यात मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हाइड पार्कच्या सर्पेंटाइन तळ्यात १८६४ सालापासून नाताळच्या सकाळी पोहण्याची शर्यत होते. अंतर अवघे १०० यार्ड. 'पीटर पॅन' लिहिणाऱ्या जे. एम. बॅरी यांनी १९०४ साली तिला चषक दिला. पण त्या शर्यतीत कुणीही उठून उतरू शकत नाही. तेथल्या पोहण्याच्या क्लबच्या सभासदांनाच परवानगी असते, कारण इतक्या गार पाण्यात सवयीशिवाय पोहणे धोक्याचे आहे.

"आम्ही पुण्यात थंडीतसुद्धा नळाच्या पाण्याने आंघोळ करायचो!" असे आपल्यातले काही काका सांगतात. खरे आहे, पण ते पाणी तांब्या-तांब्याने अंगावर यायचे आणि इथल्या समुद्राइतके गार कधीच नव्हते. इथे हिवाळ्यात समुद्र बहुतेक ठिकाणी दहा अंशांच्याही खाली जातो. शिवाय पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून घेते.

मुलांनो, अंगावर अचानक गार पाणी उडाले की तुम्ही "हाऽ" करून श्वास आत ओढता ना? १५ अंशांखालच्या पाण्यात एकदम शिरले की तेच फार जोरात होते आणि ते आपल्या हातात नसते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसांत जाते. मग धाप लागते, हृदय धडधडते, रक्तदाब चढतो. अंग गारठायला बराच वेळ लागतो. माणूस बुडतो तो त्याआधीच, आणि त्यात पट्टीचे पोहणारेही असतात. हा झटका पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत तीव्र असतो आणि एक-दोन मिनिटांत ओसरतो. तोवर हातपाय मारायचे नाहीत. उताणे व्हायचे, कान पाण्यात जाऊ द्यायचे, तरंगत राहायचे. आरएनएलआय ही इथली जीवरक्षक संस्था हेच शिकवते.

या झटक्याची सवय करता येते. पोर्ट्समथ विद्यापीठाचे प्राध्यापक माइक टिप्टन यांनी दाखवून दिले आहे की काही मिनिटांच्या पाच-सहा डुबक्यांनीसुद्धा तो जवळजवळ निम्मा होतो. पुण्याच्या रोहन मोरेने २०१८ पर्यंत जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पोहून पार केल्या. त्यांतल्या इंग्लिश खाडीसाठी आधी सुमारे १६ अंशांच्या पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावे लागते. आम्ही सॉफ्टवेअरवालेसुद्धा नवा प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या संगणकांवर चढवत नाही!

म्हणून सुरुवात सप्टेंबरात. पाणी तेव्हा बरे असते आणि दर आठवड्याला गेलात तर ते हळूहळू गार होत जाते, तसे शरीरही शिकते. जीवरक्षक असेल तिथेच जावे, एकट्याने कधीच नाही. उडी न मारता चालत उतरावे. दोन मिनिटे पुरे. मजा येत असतानाच बाहेर यावे. बाहेर आल्यावरही शरीर आतून गार होत राहते, म्हणून हुडहुडी दहा मिनिटांनी भरते. लगेच कोरडे होऊन कपडे चढवावेत, गरम चहा घ्यावा. कढत शॉवर नको, आणि कापरे थांबेपर्यंत गाडी चालवू नये. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आपल्या लोकांत हे आजार लवकर येतात, हे चाळिशीतल्या बाबांनी विशेष लक्षात घ्यावे.

मला खरी काळजी मात्र मे महिन्याची आहे. ऊन कडक पडते, शाळेतली मोठी मुले नदीवर, तळ्यावर जातात आणि पैजेवर उड्या मारतात. हवा पंचवीस अंश असली तरी पाणी अजून हिवाळ्यातलेच असते. तरंगणे तुम्हाला त्याआधी आले पाहिजे. ते पोहण्याच्या तलावात या हिवाळ्यातच शिकून घ्या.

एक जानेवारीला ब्रायटनला अवश्य जाऊ. ज्यांना सवय आहे ते उतरतील, बाकीच्यांनी टॉवेल आणि चहाचे थर्मास सांभाळावेत. सप्टेंबरातल्या पहिल्या डुबकीसाठी नावे माझ्याकडे द्यावीत. प्रत्येक मुलाबरोबर एक पालक हवाच.