मेंदूचा आलेख आणि घरची साक्ष

घरात कुणाला फीट आली की आपल्याकडे दोन गोष्टी तातडीने होतात. एकजण हुंगवायला कांदा नाहीतर चप्पल शोधतो आणि दुसरा शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून दार लोटून घेतो. कांद्याने फीट थांबत नाही. पण दार लोटण्यामागची जी वृत्ती आहे, ती रुग्णाबरोबर थेट डॉक्टरांच्या खोलीपर्यंत जाते आणि निदानाच्या आड येते.

अपस्मार म्हटले की मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, आलाच. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी प्रथम टिपल्या आणि १९२९ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध केले. पुढे १९३५ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी दाखवून दिले, की काही मुले मध्येच क्षणभर शून्यात बघत राहतात तेव्हा त्यांच्या आलेखावर सेकंदाला तीन या लयीत ठरावीक लहरी उमटतात. वर्गात ‘लक्ष कुठे आहे तुझे?’ म्हणून बोलणी खाणारे एखादे मूल प्रत्यक्षात आजारी असू शकते, हे या तपासणीने सिद्ध केले. अशा मुलाला तीन मिनिटे जोरजोराने श्वास घ्यायला लावले, तर पुष्कळदा डॉक्टरांसमोरच तो प्रकार घडतो.

तपासणी सोपी असते, दुखत नाही. केस तेल न लावता धुऊन जायचे, डोक्यावर वीसेक चकत्या चिकटवून घ्यायच्या आणि अर्धा तास स्वस्थ पडून राहायचे. चकत्या वीज देत नाहीत, फक्त टिपतात. हे सांगावे लागते, कारण ‘शॉक देतात’ या भीतीने अनेकजण टाळाटाळ करतात.

मात्र या आलेखाकडून आपण भलतीच अपेक्षा करतो. तो त्या अर्ध्या तासाचा असतो. मी बरीच वर्षे बँकेत काढली. एका दुपारी व्यवहार झाला नाही म्हणून खाते बंद पडले, असे तेथे कोणी म्हणत नाही. मागच्या नोंदी पाहतात. फीट येणाऱ्या अनेकांचा पहिला आलेख अगदी स्वच्छ निघतो. उलट, कधीही फीट न आलेल्या एखाद्याच्या आलेखात दोष दिसू शकतो. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर औषध बंद करणे जितके चुकीचे, तितकेच केवळ रिपोर्टवरून कुणाला अपस्मारी ठरवणेही चुकीचे.

मागच्या नोंदी असतात घरच्यांजवळ. रुग्ण स्वतः त्या वेळी बहुधा शुद्धीवर नसतो. आधी चेहरा पांढरा पडला का? डोळे उघडे होते की मिटलेले? झटके कोणत्या हातापासून सुरू झाले? किती वेळ चालले? जीभ चावली गेली का? माणसे ओळखायला किती वेळ लागला? साधी चक्कर, हृदयाचा दोष आणि अपस्मार यांतला फरक पुष्कळदा या उत्तरांतच सापडतो. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे आणि दुसऱ्या कुणीतरी चित्रण करावे. ते नातेवाइकांच्या ग्रुपसाठी नव्हे, डॉक्टरांसाठी. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत, तर मात्र रुग्णालय गाठावे.

असे असूनही घर बोलत नाही, कारण पुढे लग्न उभे असते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वेडाच्या झटक्यांच्या पंक्तीला अपस्माराला बसवले होते. १९९९ मध्ये तो शब्द कायद्यातून काढून टाकण्यात आला. पत्रिका जुळवणाऱ्यांच्या मनातून तो अजून निघालेला नाही. मुलगी दाखवताना आजार लपवतात, सासरी गोळ्यांची पाकिटे लपवतात आणि लपवता येईनाशी झाली की गोळ्याच थांबवतात. ही औषधे एकाएकी सोडली, तर फिटांमागून फिटा येऊन जिवावर बेतू शकते. अब्रू राखण्यासाठी मोजलेली ही किंमत त्या मुलीच्या माथी पडते.

योग्य औषध नियमित घेतले, तर दहांपैकी सुमारे सात रुग्णांच्या फिटा थांबू शकतात. आजार एवढा आवाक्यात असताना तो लपवण्यासारखे आहे तरी काय? यंत्राने आपले काम केले आहे. रोज रात्री जेवणानंतर सगळ्यांच्या देखत गोळी घेता यावी, एवढी मोकळीक त्या मुलीला देणे हे उरलेले काम घराचे आहे.