सळईचे पोलाद आणि इलेक्ट्रॉनचा झोत

जालन्यातील भट्ट्यांचे पोलाद आज कितीतरी घरांच्या छतांत आणि पुलांच्या खांबांत आहे. साहजिकच येथील तंत्रनिकेतनातून बाहेर पडणारा तरुण विचारतो, की विमानांचे आणि अग्निबाणांचे सुटे भाग आमच्याच औद्योगिक वसाहतीत का घडू नयेत? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर यंत्राच्या किमतीत शोधण्याची आपली सवय मात्र रास्त नाही.

अशा कित्येक भागांचे वेल्डिंग इलेक्ट्रॉनच्या झोताने होते. जर्मनीत श्टायगरवाल्ड आणि फ्रान्समध्ये स्टोर यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत सिद्ध केली. साठ हजार ते दीड लाख व्होल्टच्या दाबाने इलेक्ट्रॉन निर्वात पेटीतील धातूवर आदळतात आणि रुंदीच्या कितीतरी पट खोल, अरुंद सांधा तयार होतो. टायटॅनियम, झिर्कोनियम, नायोबियम हे धातू तापले की हवेतील प्राणवायू व नत्र शोषून ठिसूळ होतात. निर्वात पेटी त्यांना मानवते. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात नायोबियमची अतिसंवाहक पोकळीयंत्रे याच रीतीने सांधली जातात. उलट पितळ येथे बाद. त्यातील जस्त ९०७ अंशांनाच उकळते आणि वाफ होऊन सांधा फोडून बाहेर पडते.

पोलादाचे काय? कमी कर्बाचे, स्वच्छ पोलाद उत्तम सांधले जाते. गंधक व फॉस्फरस अधिक असले, तर सांधा गोठतानाच तडकतो. वायू कोंडलेला असला, तर त्यात छिद्रे पडतात. आणि नेमकी येथेच आपली अडचण आहे. इंडक्शन भट्टी भंगार वितळवते, ते शुद्ध करीत नाही. भंगारातून आलेला फॉस्फरस, जुन्या मोटारीच्या वेटोळ्यातील तांबे, हे सारे सळईत उतरते. भारतीय मानक १७८६ नुसार ‘५००’ प्रतीच्या सळईत गंधक व फॉस्फरस प्रत्येकी ०.०५५ टक्क्यापर्यंत चालतो, ‘५०० डी’ प्रतीत ०.०४० पर्यंत. काँक्रीटसाठी तेवढे पुरेसे आहे, त्यात कारखानदारांचा दोष नाही.

मग पैसा प्रथम कोठे घालावा? भंगाराच्या निवडीत, पृथक्करणाच्या प्रयोगशाळेत, वितळलेले पोलाद शुद्ध करण्याच्या व त्यातील वायू काढण्याच्या सामग्रीत. वीजदराच्या सवलतीसाठी जेवढी निवेदने निघतात, त्यांच्या दशांशाने तरी ही मागणी व्हावयास हवी. धातू बाहेरून आणून येथे नुसता सांधावा, अशीही एक सूचना असते. ते अशक्य नाही; पण मग जालन्याच्या वाट्याला मजुरी तेवढी येईल आणि भट्ट्या आहेत तेथेच राहतील.