चाकाच्या खुर्चीवरून

घरातले एखादे माणूस कायमचे अधू झाले, म्हणजे भेटीस येणारी मंडळी धीर देऊन जातात. त्यांच्या शब्दांत सद्भाव असतो; परंतु धीर देणारा आपल्या पायांनी येतो आणि आपल्या पायांनीच परत जातो, ही गोष्ट अंथरुणावरील माणसाच्या नजरेतून सुटत नाही.

म्हणून कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांची हकीकत मला विशेष वाटते. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांचे कमरेखालील शरीर लुळे पडले. पुढे त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. हे गृहस्थ स्वतः त्याच व्याधीने जखडलेले. तरी व्यवसाय सांभाळीत आणि आपली मोटार स्वतः हाकीत. पायांचे काम हातांनी व्हावे, असा तिच्यात फेरफार करून घेतलेला होता. समदुःखी माणसाला असे वावरताना पाहणे, याची सर कोणत्या उपदेशास येणार? नसीमाताई केंद्रीय अबकारी खात्यात नोकरीस लागल्या आणि १९८४ साली सहकाऱ्यांसह त्यांनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापिली. अपंग मुलांसाठी ‘घरौंदा’ वसतिगृह उभे राहिले. सिंधुदुर्गात काजूवर प्रक्रिया करण्याचा उद्योगही निघाला. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन घरातील सर्वांनी वाचावे असे आहे.

मात्र मनाची उमेद शरीराच्या निगेवाचून टिकत नाही. मज्जारज्जूला इजा झाली की त्वचेची संवेदना जाते. एकाच जागी भार पडून कातडी काचली तरी कळत नाही आणि व्रण होतात. यासाठी निजलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. खुर्चीत बसणाऱ्याने मधूनमधून हातांवर भार देऊन अंग उचलावे, व रोज आरशात पाठीमागील त्वचा पाहावी. एक व्रण चिघळला तर कित्येक आठवडे अंथरूण सुटत नाही. मग बाजार नाही, नाटक नाही, मैत्रिणीकडे जाणे नाही.

आणि बाहेर पडायचे तर आड येतो तो आपलाच उंबरठा! एक फूट उंचीच्या ओट्याला बारा फूट लांबीचा उतार केला, तर बळकट हातांचा माणूस कुणाच्या मदतीवाचून चढउतार करू शकतो. दिवाणखान्याच्या शोभेवर आपण हौसेने खर्च करतो. न्हाणीघराचे दार मात्र जेमतेम सव्वादोन फुटांचे ठेवतो. खुर्ची विकत आणण्यापूर्वी ते एकदा मोजून पाहावे.