कोळ्याच्या पिल्लाचे घर आणि कायद्याची नोंदवही

जुलै २०२१ मध्ये चेन्नई येथे सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून टपालाने आलेले एक पार्सल संशयावरून उघडले. तमिळनाडूतील एका लहान शहराच्या पत्त्यावर ते निघाले होते. आत थर्माकोलची पेटी होती आणि तीत चंदेरी वर्खात व कापसात गुंडाळलेल्या १०७ लहानशा प्लास्टिकच्या कुप्या. प्रत्येक कुपीत एक जिवंत कोळी होता. भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाच्या आणि वन्यजीव गुन्हे नियंत्रण कार्यालयाच्या तज्ज्ञांनी ते पाहिले, तेव्हा त्यांत मेक्सिको व मध्य अमेरिकेतील टॅरॅन्टुला असल्याचे निष्पन्न झाले. त्यांच्यासोबत आयातीचा परवाना नव्हता की आरोग्याचे प्रमाणपत्र नव्हते. पशुरोगप्रतिबंधक अधिकाऱ्यांच्या सल्ल्यावरून सारी पेटी पुन्हा पोलंडकडे रवाना करण्याचा निर्णय झाला. मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांचा हा वंश युरोपात जन्मून मद्रासपर्यंत आला आणि पाहुणचार न घेताच परतीच्या वाटेला लागला.

अशा बातम्या वाचून वाचक हसतो आणि पान उलटतो. कोळी हा घरातून झाडूने काढावयाचा प्राणी; तो पैसे मोजून कोण घरी आणील, अशी ही स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. परंतु जगातील अनेक शहरांत, आणि अलीकडे भारतातील मोठ्या शहरांतही, टॅरॅन्टुला पाळणारा एक वर्ग निर्माण झाला आहे. तो बहुतांशी तरुण आहे, भाड्याच्या खोलीत राहतो आणि कुत्र्यामांजराला लागणारी जागा किंवा वेळ त्याच्यापाशी नाही. या नवशिक्याने प्रौढ कोळी घेऊ नये, बोटाच्या पेराएवढे पिल्लू घ्यावे, असा सल्ला अनुभवी मंडळी देतात. त्याचे एक कारण किंमत हे आहे. दुसरे अधिक आदरणीय आहे. प्रौढ कोळी रानातून उचललेला असण्याचा संभव मोठा असतो. पिल्लू बहुधा कोणाच्या तरी घरी, अंड्यांच्या पिशवीतून निघालेले असते.

या पिल्लाचे घर उभे करण्यास फारसे काही लागत नाही. किंबहुना नवशिक्याची चूक होते ती उदारपणामुळेच. तो काचेची ऐसपैस पेटी आणतो, तीत शोभेचे दगड मांडतो, वर उष्णतेचा दिवा लावतो. एवढ्या मोठ्या पेटीत सेंटिमीटरभर लांबीच्या जिवाला भक्ष्य सापडत नाही आणि दिव्याखाली तो एका दिवसात सुकून जातो. त्याला हवी असते ती झाकणाची लहान पारदर्शक डबी. तिला सुईने पाडलेली भोके असावीत, आणि ती पिल्लाच्या अंगाहून बारीक असावीत. कारण जेथून अंग जाते तेथून पिल्लूही जाते. डबीत नारळाच्या काथ्याचा भुसा किंचित दाबून अर्ध्यापेक्षा अधिक भरावा लागतो. पिल्लू त्यात बीळ करते आणि दिवसचे दिवस दर्शन देत नाही. भुशाचा एक कोपरा ओलसर व बाकीचा भाग कोरडा ठेवला म्हणजे आपल्याला सोयीची जागा ते स्वतःच निवडते. पाण्यासाठी बाटलीचे उथळ झाकण पुरते. माणसाला बरी वाटेल तेवढी ऊब त्यालाही चालते. झाड्यावर राहणाऱ्या जातींना उंच डबी लागते, जमिनीवरच्या जातींना मात्र उंची घातक ठरते. वीतभर उंचीवरून पडले तरी जड कोळ्याचे मऊ पोट फुटण्याची भीती असते.

अन्नाचा प्रश्न याहून नाजूक आहे. आठवड्यातून दोनदा एखादा रातकिडा पुरतो, आणि अगदी लहान पिल्लाला तो मारून द्यावा लागतो. जिवंत किडा डबीत राहून गेला आणि त्याच वेळी कोळी कात टाकीत असला तर शिकारी आणि शिकार यांची अदलाबदल होते. कात टाकण्याचा हा सोहळा नवशिक्याची खरी परीक्षा घेतो. कोळी आधी अन्न सोडतो, मग एके दिवशी पाठीवर उताणा पडतो, पाय आकाशाकडे. तो मेला असे समजून त्याला हलविणारे, चिमट्याने उचलणारे अनेक निघतात, आणि मरण येते ते त्या हलविण्यामुळे. एरवी काही तासांत जुन्या कातडीतून नवा, फिकट, मऊ प्राणी बाहेर येतो. आधी गमावलेला पायही कधी कधी नव्याने घेऊन येतो. त्यानंतर त्याचे दात कडक होईपर्यंत काही दिवस त्याला उपाशी ठेवणे हेच औदार्य. या छंदात करण्यासारखे थोडे आणि न करण्यासारखे पुष्कळ आहे. हातात घेणे, कुरवाळणे, पाहुण्यांना दाखविणे यांपैकी काहीच कोळ्याला रुचत नाही. अमेरिका खंडातील अनेक जाती पोटावरचे दाहक केस उडवितात. ब्रिटनमधील लीड्स येथे एका पाळणाऱ्याच्या डोळ्यात पेटी साफ करताना असे केस शिरून कॉर्निआत रुतल्याची हकीगत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केली होती. आशियातील जातींना असे केस नसतात, पण त्यांचा दंश माणसाला कित्येक दिवस स्नायूंच्या वेदना देतो. नवशिक्याला मेक्सिकोची लाल गुडघ्याची जात सुचविली जाते ती यामुळेच. ती संथ आणि सोशिक असते.

ती दीर्घायुषीही असते, आणि येथे गोष्ट गंभीर होते. या जातीची मादी वीस वर्षांहून अधिक जगू शकते. नराचे आयुष्य त्या मानाने थोडके; प्रौढ झाल्यानंतर तो वर्षा-दीड वर्षाचाच सोबती. सेंटिमीटरभर पिल्लू विकत घेताना त्यात नर आहे की मादी हे घेणाऱ्यास कळत नाही आणि बहुधा विकणाऱ्यासही नाही. एखाद्या विद्यार्थ्याने वसतिगृहात घेतलेले पिल्लू त्याच्या लग्नानंतरही डबीत असू शकते.

कोळ्याची जातसुद्धा त्याच्याकडे पाहून कळत नाही. पिल्ले करड्या-तपकिरी रंगाची, एकासारखी एक. पिल्लांचेच कशाला, लाल गुडघ्याच्या प्रौढ कोळ्याबाबतही पाळणारे जग दीर्घकाळ चुकीच्या समजुतीत होते. बाजारात ‘स्मिथी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कोळ्यांपैकी पुष्कळसे वस्तुतः ‘हॅमोरी’ या निराळ्या जातीचे होते, हे २०१७ साली या प्रजातीच्या फेरतपासणीतून स्पष्ट झाले. तज्ज्ञांची ही स्थिती, तेथे टपाल कार्यालयातील कारकुनाने काय ओळखावे? सारा व्यवहार अखेर डबीवरच्या चिठ्ठीवर आणि तिच्यामागच्या कागदावर उभा राहतो. काथ्याचा भुसा आणि पाण्याचे झाकण यांच्या आधी पिल्लाच्या घराला हा कागद लागतो, आणि नेमका तोच बहुतेक वेळा गैरहजर असतो.

कागदाची ही गरज जगाने पूर्वीच ओळखली. वन्य प्राण्यांच्या व वनस्पतींच्या व्यापाराविषयी १९७३ साली वॉशिंग्टनला झालेल्या आणि ‘साइटिस’ नावाने परिचित असलेल्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात लाल गुडघ्याचा कोळी १९८५ मध्ये समाविष्ट झाला, आणि १९९४ मध्ये त्याची संपूर्ण प्रजाती. परिशिष्टात नाव आले म्हणजे व्यापार बंद होत नाही. निर्यात करणाऱ्या देशाची परवानगी लागते, एवढेच. तरीही चोरटा मार्ग स्वस्त पडतो. मार्च २०१० मध्ये अमेरिकेत एका पार्सलात सुमारे तीनशे टॅरॅन्टुला सापडले, तपासात आणखी पार्सले हाती लागली, त्यांपैकी एकात सरबत पिण्याच्या रंगीत नळ्यांत एकेक कोळी कोंबलेला होता. पाठविणाऱ्या जर्मन व्यापाऱ्यास त्याच वर्षी डिसेंबरात लॉस एंजलिस येथे अटक झाली. डिसेंबर २०२१ मध्ये कोलंबियातील बोगोटाच्या विमानतळावर दोन जर्मन प्रवाशांच्या सामानात २३२ टॅरॅन्टुला निघाले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय पाहणीत जगभर कोळी व विंचूवर्गातील बाराशेहून अधिक जाती विक्रीस असल्याचे आणि त्यांतील दोन टक्क्यांहून कमी जाती आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली असल्याचे आढळले. हत्ती आणि वाघ यांच्यासाठी घडविलेली चौकट आठ पायांच्या प्राण्याला अपुरी पडावी यात नवल नाही.

भारताची या बाजारातील भूमिका केवळ गिऱ्हाइकाची नाही, हे मात्र आपल्याकडे सोयीस्करपणे विसरले जाते. आंध्र प्रदेशातील गुत्ती येथे, रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या एकाच नमुन्यावरून पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ साली एका निळ्याशार कोळ्याचे वर्णन केले. तो लाकडाबरोबर दुसरीकडून आला असावा असा पुढे तर्क झाला. कारण त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे तो कोणाला दिसला नाही. २००१ मध्ये नंद्याल व गिद्दलूर यांच्यामधील जंगलात तो पुन्हा सापडला. वृक्षांच्या ढोलीत राहणारा हा प्राणी २००८ पासून अतिसंकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. त्याच्या आसऱ्याची जुनी झाडे सरपणासाठी व इमारती लाकडासाठी तुटत आहेत. आणि हाच कोळी युरोप-अमेरिकेतील छांदिष्टांच्या डब्यांत पिढ्यान् पिढ्या वाढतो आहे, मुक्तपणे विकला जातो आहे. जेथे तो जन्मला त्या रानात त्याचा ठावठिकाणा शोधावा लागतो. कदाचित त्याच्या डबीतला काथ्याचा भुसाही दक्षिण भारतातून किंवा श्रीलंकेतूनच गेलेला असेल. तो मात्र निर्यातीच्या रीतसर कागदांनिशी!

या कोळ्याच्या संपूर्ण प्रजातीला साइटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात स्थान मिळाले ते २०१९ साली. प्रस्ताव श्रीलंका आणि अमेरिका यांनी मांडला. ही परिषद मुळात कोलंबोत भरावयाची होती. तेथील ईस्टरच्या बॉम्बस्फोटांमुळे ती जिनीव्हास हलविण्यात आली. वृक्षवासी कोळ्यांचा हा वंश भारत आणि श्रीलंका या दोन देशांचाच, तेव्हा प्रस्तावावर श्रीलंकेच्या जोडीला अमेरिकेचे नाव असावे आणि भारताचे नसावे, ही गोष्ट येथील वन्यजीव खात्याने मनाला लावून घ्यावयास हवी होती.

देशांतर्गत कायद्याने पाऊल टाकले ते उशिरा, पण ठोस. १९७६ पासून भारत साइटिसचा सभासद असला तरी वन्यजीव संरक्षण कायद्यात त्या परिशिष्टांना स्थान नव्हते. जून २०२० मध्ये केंद्राने परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना सहा महिन्यांची सवलत देऊन, कागद न मागता स्वेच्छेने नोंद करण्यास सांगितले. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने दुरुस्ती संमत केली, १ एप्रिल २०२३ पासून ती अंमलात आली, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी नोंदणी बंधनकारक झाली. परिशिष्टातील जिवंत प्राणी ज्याच्यापाशी आहे त्याने सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर तशी नोंद करावयाची. नवा प्राणी घेतला, दुसऱ्यास दिला, पिल्ले झाली, प्राणी मेला, तरी कळवावयाचे. हेतू निर्विवाद योग्य आहे.

तथापि ही नोंदवही मकाव पोपट आणि इग्वाना डोळ्यांपुढे ठेवून आखलेली दिसते. पोपटाच्या पायात कडे घालता येते, सरड्याच्या कातडीखाली सूक्ष्म खूणपट्टी बसविता येते. जो प्राणी वर्षातून अनेकदा आपले सगळे बाह्यांग उतरवून ठेवतो त्याला खूण कोठे करावयाची? लाल गुडघ्याची मादी एका पिशवीतून शेकड्यांनी पिल्ले देते आणि त्यांतली बरीच पहिल्या काही महिन्यांत मरतात. जन्माची नोंद व मृत्यूची नोंद प्रामाणिकपणे करू पाहणारा पाळणारा कारकून होऊन बसेल; अप्रामाणिक मनुष्य शंभर पिल्ले नोंदवील आणि मेलेल्यांच्या जागी चोरून आणलेली बसवील. दुसरी उणीव अशी की परिशिष्टात नसलेल्या असंख्य जातींना हा नियम लागू नाही. ज्या पिल्लाची जात ओळखता येत नाही त्याच्या डबीवर यादीबाहेरचे नाव लिहिण्यास विक्रेत्याला कोण अडविणार?

त्यावरचा उपाय कोळ्यानेच देऊ केला आहे. टाकलेली कात नष्ट होत नाही. मोठ्या कोळ्याच्या कातीवरून सूक्ष्मदर्शकाखाली नर-मादी ओळखता येते, जात निश्चित करण्यासही तिचा उपयोग होतो, आणि त्यासाठी प्राण्याला स्पर्शही करावा लागत नाही. दरवर्षीची कात जपून ठेवण्याची सक्ती केली आणि शंका आल्यास ती प्राणिसर्वेक्षण विभागाकडे पाठविण्याची सोय केली, तर खूण न करताच ओळख पटू शकेल. पिल्लांची नोंद जन्मतः एकेक न करता पिशवीवार करावी आणि ती विक्रीयोग्य झाल्यावर संख्या निश्चित करावी, हेही व्यवहार्य आहे. यादीबाहेरच्या जातींसाठी निदान विक्रेत्याचे लेखी बिल आवश्यक ठरवावे. टपालाने जिवंत प्राणी मागविण्यावर मात्र कोणतीही सवलत असू नये; कुपीतल्या प्रवासात जे मरतात त्यांची गणती कोणत्याच नोंदवहीत होत नाही.

राहता राहिला तो नोंद चुकविलेला पाळणारा. २०२४ च्या नियमांनी दिलेली सहा महिन्यांची मुदत त्याच वर्षी संपली. आता भीतीने तो कोळी कोठेतरी सोडून देण्याचा विचार करील, आणि हा मार्ग सर्वांत वाईट आहे. अमेरिकेतील फ्लोरिडात मेक्सिकोचा एक टॅरॅन्टुला अशाच रीतीने रानात स्थायिक झालेला आहे, आणि सह्याद्रीच्या रानात आपले स्वतःचे टॅरॅन्टुला आहेत. मुंबई-पुण्यातील एखादा तरुण बदलीवर परगावी निघाला आणि त्याच्या हाती दहा वर्षांची, आणखी दहा वर्षे जगू शकणारी मादी असली, तर ती कोणाकडे न्यावी याचे उत्तर त्याला वनखात्याच्या कार्यालयात भीती न वाटता मिळाले पाहिजे. आज तेथे गेल्यावर त्याची पहिली गाठ पडते ती चौकशीशी.