कंपनी एक, नाके अठ्ठावीस

युरोपात सध्या 'ईयू इंक' नावाचं प्रकरण गाजतंय. देश 27 आणि प्रत्येकाचा कंपनी कायदा वेगळा. जर्मनीत जीएमबीएच काढायची तर 25 हजार युरो भांडवल आणि नोटरीकडे हजेरी. शेजारच्या हॉलंडमध्ये 2012 पासून नाममात्र भांडवलावर काम भागतं. म्हणून या 27 कायद्यांच्या जोडीला 28वा, सगळीकडे चालेल असा एकच साचा आणायचा. जानेवारी 2026 मध्ये दावोसला उर्सुला फॉन डेर लायेन यांनी 48 तासांत ऑनलाइन नोंदणी होईल असं सांगितलं. (युरोपियन कंपनी हा प्रकार 2004 पासून आहेच, पण तिला किमान भांडवल 1 लाख 20 हजार युरो. म्हणजे ती आलियान्झ, एअरबस यांच्यासाठी, नवख्या पोरांसाठी नव्हे.)

वाचून आधी गंमत वाटली. कारण ते जे मागताहेत ते आपल्याकडे केव्हापासून आहे! 1956 चा कंपनी कायदा घ्या नाहीतर 2013 चा, अख्ख्या देशाला एकच. डोंबिवलीत नोंदलेली कंपनी गुवाहाटीतही तीच कंपनी.

मग आमचे छोटे उद्योग भराभर देशभर का पसरत नाहीत?

माझी भाची डोंबिवलीत चकल्या करून विकते. चव उत्तम, मामा म्हणून सांगत नाही. मालाची वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. पण ही सवलत राज्याच्या आतच. गडचिरोलीला खुशाल पाठवा, बेळगावच्या गिऱ्हाइकाला एक पाकीट विकलंत तर पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. आता ठाणे जिल्ह्यातून गडचिरोली लांब की बेळगाव, नकाशात बघा!

बरं, केली नोंदणी. पुढे बंगळूरच्या ऑर्डरी वाढल्या, तिथल्या एखाद्या गोदामात माल ठेवावा म्हटलं, तर कर्नाटकची वेगळी नोंदणी. वेगळा क्रमांक, तिथल्या जागेचे कागद, वेगळी विवरणपत्रं, वेगळी फी सीएची. हैदराबादला ठेवला की तिसरी. प्रायव्हेट लिमिटेड केली तरी यातलं काहीच सुटत नाही. तिने बंगळूरचा विचार सध्या सोडलाय.

मुलुंड चेकनाक्यावरच्या ट्रकच्या रांगा ठाणेकरांना आठवत असतील. ठाण्यातून मुंबईत शिरायचं तर जकात. 1 जुलै 2017 ला ती गेली, फार बरं झालं. पण लहान माणसासाठी नाका उठला नाही, रस्त्यावरून संगणकात गेला, इतकंच.

आणि गंमत पुढे आहे. ज्या युरोपला अजून एक कंपनी कायदा करता आलेला नाही, त्यांनी 2021 मध्येच एक खिडकी उघडली: इतर देशांतल्या ग्राहकांना घरबसल्या विकलेल्या मालाचा व्हॅट आपल्याच देशात भरा. माल दुसऱ्या देशाच्या गोदामात ठेवला तरी तिथे वेगळी नोंदणी सहसा लागू नये, हा बदल मार्च 2025 मध्ये मंजूर झालाय, 2028 च्या जुलैपासून लागू होईल. वेगवेगळे देश हे करतात आणि आपण एका देशात करत नाही!

सरकारची बाजूही आहे. खोट्या कंपन्या काढून बोगस बिलांवर क्रेडिट लाटणारे महाभाग आहेतच, आणि गोदामाचा पत्ता त्या-त्या राज्याला ठाऊक हवा, हे मान्य. पण पत्ता कळवणं वेगळं आणि नवा जन्मदाखला काढणं वेगळं. एकाच क्रमांकाखाली सगळी गोदामं का नोंदवू नयेत? राज्याराज्यांत जाणाऱ्या मालाच्या कराचा हिशोब केंद्र आजही करतंच ना? आणि ती 40 लाखांची सवलत बेळगावपर्यंत पोचायला कोणता तांत्रिक अडथळा आहे, हे मला तरी उमगलेलं नाही.

तुमच्यापैकी कोणी राज्याबाहेर माल पाठवत असाल तर अनुभव जरूर लिहा. भाचीलाही वाचायला देईन.