गावातल्या पोरांचं गाणं घरातच तयार होतंय. पण खरं सांगणारा श्रोता कुठंय?

पूर्वी गाणं रेकॉर्ड करायचं म्हणजे पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागायची. स्टुडिओचं तासाचं भाडं, वादकांचा खर्च, राहण्या-खाण्याची सोय, हे सगळं जमवता जमवता अनेकांची गाणी वहीतच राहिली. आता तसं राहिलेलं नाही. एक मोबाईल, वायरचा इअरफोन, हप्त्यावर घेतलेली गिटार आणि बँडलॅबसारखं फुकट ॲप एवढ्यावर मागच्या खोलीत पूर्ण गाणं तयार होतं. ड्रम ॲपमधले, बास ॲपमधला, आवाज आणि गिटार आपली. भजन, लोकगीत आणि लग्नाच्या गाण्यांबरोबर आता गावाकडची पोरं-पोरी पॉप-रॉक पद्धतीची मराठी गाणीही करू लागली आहेत.

गाणं तयार होतं, मध्यरात्री यूट्यूबवर चढतं आणि सकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतं. मग सुरू होते ती वाट पाहणं. दुपारपर्यंत चाळीस अंगठे येतात, दहा-बारा आगीची चित्रं येतात, "एक नंबर भावा", "वाघ आहेस", "नाद खुळा" असं येतं. संध्याकाळी त्याच ग्रुपवर टोमॅटोचा भाव येतो आणि गाणं वर सरकून जातं. ज्यानं ते केलं, त्याला मात्र आपलं गाणं खरंच बरं झालंय का, याचं उत्तर मिळालेलं नसतं.

कौतुक खूप, माहिती शून्य

खरी अडचण इथंच आहे. गाणं करण्याचा खर्च कमी झाला, लोकांपर्यंत पोचवणं फुकट झालं, पण कान देऊन ऐकणारा आणि स्पष्ट सांगणारा माणूस मिळणं तेवढं सोपं झालेलं नाही. नातेवाईक वाईट बोलत नाहीत. मित्र पूर्ण ऐकत नाहीत, पण अंगठा टाकतात. ज्यांचं वाकडं आहे ते "कामधंदा नाही का" म्हणून मोकळे होतात. या तिन्हींपैकी कुणाच्याही बोलण्यानं पुढचं गाणं सुधारत नाही.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. माती परीक्षणाचा कागद हातात आला आणि त्यावर फक्त "जमीन छान आहे" एवढंच लिहिलेलं असेल, तर त्याचा उपयोग काय? नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती हे कळलं तरच खताचा हिशेब बसतो. गाण्याचंही तसंच आहे. शब्द कळतात का, गिटार आवाजाला झाकते का, मधलं कडवं लांबलंय का, हे कळायला हवं.

गावाला हे नवीन नाही. भजनात ताल चुकला तर पखवाजवाला तिथंच बघतो. तमाशाच्या फडासमोर बसलेला माणूस आवडलं तर टाळी देतो, नाही आवडलं तर उठून जातो. कलाकाराला लगेच कळायचं. मोबाईलवर मात्र कोण उठून गेलं हे समोर दिसत नाही.

कोण कधी उठून गेलं, ते कळतं

समोर दिसत नसलं तरी ते कळण्याची सोय आहे, हे अनेकांना माहीत नसतं. यूट्यूब स्टुडिओ हे ॲप फुकट आहे. त्यात प्रत्येक व्हिडिओचा आलेख मिळतो. कोणत्या सेकंदाला किती लोक ऐकत होते आणि कुठं लोक निघून गेले, हे त्यात दिसतं. सुरुवातीची नुसती गिटारच तीस सेकंद चालते आणि तिथंच निम्मे लोक गळतात, असं दिसलं तर दोष कुठं आहे ते शोधायला वेगळा माणूस लागत नाही.

पण त्यासाठी गाण्याची लिंक पाठवावी लागते. बरेच जण ऑडिओ किंवा व्हिडिओची फाईलच व्हॉट्सॲपवर टाकतात. ती फाईल या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरते, पण त्याची मोजदाद कुठंच होत नाही. दोन-चार हात फिरल्यावर ते कुणाचं गाणं हेही हरवतं. शिवाय व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, त्यात आवाजही बिघडतो. कुणाला खरोखर तपासायला द्यायचं असेल तर मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी आणि बाकीच्यांना लिंक द्यावी.

विचारायचं कुणाला, आणि काय?

"कसं झालंय?" असं विचारलं की "छान" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा तीन साधे प्रश्न विचारले तर फरक पडतो. एक, कोणते शब्द कळले नाहीत? दोन, कुठं कंटाळा आला? तीन, ऐकून झाल्यावर कोणती ओळ तोंडात राहिली? तिसऱ्या प्रश्नाला उत्तरच आलं नाही, तर धृपदावर अजून काम बाकी आहे असं समजावं.

गाणं कुणाचं हे न सांगता ऐकवलं तर उत्तर आणखी खरं मिळतं. आणि ऐकवायला माणसं गावातच आहेत. भजनी मंडळातला पखवाजवादक ताल कुठं पळतोय ते एका ऐकण्यात सांगतो. बँजो पार्टीतला कीबोर्डवाला सूर कुठं उतरला ते सांगतो. डीजेवाल्याला मोठ्या स्पीकरवर कोणता आवाज फाटतो ते बरोबर कळतं. शाळेतल्या बाईंना शब्द आणि उच्चार विचारावेत. यातल्या कुणाला रॉक संगीत आवडत नसेलही, पण ताल, सूर आणि शब्द यांची पारख त्यांना आहे.

पाच जणांनी पाच वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर गोंधळून जायचं कारण नाही. पण पाचातल्या तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं, तर ती जागा दुरुस्त करायलाच हवी. बाकी आवडीनिवडीचा भाग. सगळ्यांचं ऐकून गाणं बदलत बसलं तर ते कुणाचंच राहत नाही.

घरच्या रेकॉर्डिंगमधल्या नेहमीच्या चुका

ऐकणारे ज्याला "काहीतरी खटकतंय" म्हणतात, ते बहुतेक वेळा साध्या चुकांमुळे असतं. पत्र्याच्या किंवा रिकाम्या सिमेंटच्या खोलीत आवाज घुमतो. भिंतीला गोधड्या, गाद्या टांगल्या की फरक पडतो. कापूस भरून ठेवलेली खोली तर त्याहून बरी, कारण कापूस आवाज शोषून घेतो. पंखा, पाण्याची मोटार, पिठाची गिरणी यांची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. एरवी नको असणारं लोडशेडिंग इथं उपयोगी पडतं. लाईट गेली की सगळं शांत होतं आणि मोबाईल बॅटरीवर चालतोच.

मोबाईल तोंडापासून वीत-दीड वीत लांब ठेवावा. अगदी जवळ धरला तर प, फ, ब म्हणताना हवेचा फटका बसतो, मोठ्यानं गायलं की आवाज फाटतो. ब्लूटूथ इअरफोन लावून गायलं तर आवाज कानात उशिरा पोचतो आणि ताल मागं पडतो, म्हणून वायरचाच बरा. गाणं झाल्यावर इअरफोनवर, मोबाईलच्या स्पीकरवर आणि ट्रॅक्टरच्या किंवा गाडीच्या टेपवर अशा तिन्ही ठिकाणी ऐकावं. मोबाईलच्या छोट्या स्पीकरमध्ये बासचा आवाज जवळजवळ येतच नाही, तिथं शब्द कळले तर सगळीकडं कळतात.

आवाज खूप मोठा करून ठेवण्याचाही फायदा नसतो. यूट्यूब आणि स्पॉटिफाय जास्त मोठ्या आवाजाची गाणी वाजवताना आपोआप खाली आणतात. राहतो तो फक्त फाटलेपणा.

मागच्या खोलीतून जगापर्यंत

घरात केलेलं गाणं पुढं जातच नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. अमेरिकेतल्या लॉस एंजलिस शहरात बिली आयलिश नावाच्या मुलीनं तिच्या भावाबरोबर घरातल्या बेडरूममध्ये एक गाणं रेकॉर्ड केलं. नाच शिकवणाऱ्या शिक्षकाला ऐकता यावं म्हणून 2015 मध्ये ते इंटरनेटवर टाकलं. तिथून ते पसरलं. 2020 साली ग्रॅमीचे चारही मोठे पुरस्कार तिला मिळाले, तेव्हा ती 18 वर्षांची होती. तो अल्बमही बहुतांश घरातच झाला होता.

अर्थात असं लाखात एखाद्याचं होतं. बाकीच्यांनी हिशेब नीट समजून घेतलेला बरा. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास पाहिलं गेलेलं असणं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज लागतात. त्यानंतरही खात्यात 100 डॉलर जमल्याशिवाय रक्कम बँकेत येत नाही. चार मिनिटांचं गाणं पूर्ण ऐकलं गेलं असं धरलं तरी 4000 तासांसाठी ते 60 हजार वेळा ऐकलं जावं लागतं. म्हणून पहिल्या गाण्यावर कर्ज काढून व्हिडिओ शूट करणं म्हणजे पाऊस पडायच्या आत पेरणी करण्यासारखं आहे.

गाण्याचा सातबारा कुणाच्या नावावर?

गाणं थोडं चाललं की दुसरा धोका सुरू होतो. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातले भुबन बड्याकर गावोगाव शेंगदाणे विकायचे. विकताना म्हणायचं त्यांचं 'काचा बादाम' हे गाणं कुणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि 2022 च्या सुरुवातीला सगळा देश त्यावर नाचला. पुढं त्याच गाण्याच्या हक्कावरून वाद झाला. आपलंच गाणं आपण टाकलं तरी कॉपीराइटचा दावा येतो, असं सांगण्याची वेळ त्यांच्यावर आली.

हे कसं होतं? गाण्याचे हक्क ज्याच्या नावावर लिहून दिले, तो ते यूट्यूबच्या यंत्रणेत नोंदवतो. मग ते गाणं दुसऱ्या कुणीही टाकलं, अगदी मूळ गायकानंही, तरी दावा लागतो आणि जाहिरातीचा पैसा नोंद करणाऱ्याकडं जातो.

शेताच्या बाबतीत आपण साधा बांधही तोंडी सोडत नाही. गाण्याच्या बाबतीत मात्र "टाका तुमच्या चॅनलवर" असं फोनवर सांगून मोकळे होतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाणं तयार झालं की त्यावर हक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सही करूनच द्यावा लागतो. किती वर्षांसाठी दिला ते कागदावर लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर तर हक्क लिहून दिला तरी गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा सुटत नाही. म्हणून सही करण्याआधी मुदत किती, पैसे किती आणि नाव कुणाचं लागणार, हे तीन मुद्दे कागदावर वाचून घ्यावेत. इंग्रजी कळत नसेल तर तालुक्याच्या वकिलाकडून वाचून घ्यावं.

उलट बाजूही आहे. यूट्यूबवरून उचललेली तयार धून किंवा कराओके ट्रॅक वापरला तर दावा आपल्यावर येतो. "फ्री" लिहिलेल्या धूनीलाही अनेकदा अट असते, की कमाई करायची नाही.

आणि "पाच हजार भरा, लाखभर व्ह्यूज देतो" असे फोन आले तर सरळ बंद करावेत. विकत घेतलेले व्ह्यूज यूट्यूबच्या नियमात बसत नाहीत, ते काढून टाकले जातात, चॅनलही जाऊ शकतं. पैसे गेलेच तर 1930 या सायबर हेल्पलाईनवर लगेच तक्रार करावी.

पोरींचं गाणं बंद का पडतं?

गावातल्या मुलीनं गाणं टाकलं की प्रतिक्रिया गाण्यावर कमी आणि तिच्यावर जास्त येतात. कपडे, आडनाव, "घरचे काही बोलत नाहीत का" इथपर्यंत. ते वाचून घरचेच गाणं काढायला लावतात. याला श्रोत्यांचा अभिप्राय म्हणत नाहीत. यूट्यूबवर कमेंट आधी तपासून मग दाखवण्याची आणि ठराविक शब्द अडवण्याची सोय आहे, ती सुरू करावी. धमकी किंवा घाण मजकूर आला तर स्क्रीनशॉट ठेवून राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करता येते. पण त्याहून मोठं काम घरच्यांचं आहे. लिहिणाऱ्याला जाब विचारायचा की आपल्याच पोरीचा आवाज बंद करायचा, हे त्यांनी ठरवायचं आहे.

गाव काय करू शकतं?

यासाठी ना निधी लागतो ना योजना. गणेशोत्सवात दहा दिवस मंडळाचा स्पीकर वाजतोच. त्यातला एक तास गावातल्या नव्या गाण्यांना द्यावा. करणाऱ्याचं नाव नंतर सांगावं, आधी गाणं वाजवावं आणि लोकांना बोलू द्यावं. टाळी पडली तर पडली, नाही तर का नाही पडली हे समजेल. जत्रेला कुस्तीचा आखाडा भरवतो तेव्हा हरलेल्या पैलवानालाही गाव रोख देतंच की.

ग्रुपवर पुढचं गाणं आलं की अंगठा टाकण्याआधी चार मिनिटं ते पूर्ण ऐकावं. मग दोन ओळी लिहाव्यात, काय आवडलं आणि कुठं अडलं. करणाऱ्यानं रात्री जागून ते केलेलं असतं. गावानं चार मिनिटं दिली तर त्याचं दुसरं गाणं पहिल्यापेक्षा नक्की बरं होईल.